जुना व्हिडिओ गेम पुन्हा सुरू करताना : आधी दुरुस्ती, मगच बदल

दिवाळीच्या साफसफाईत ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कित्येक घरांच्या माळ्यावरून अजूनही एखादा व्हिडिओ गेम खाली येतो. प्लास्टिक पिवळे पडलेले असते, दोन रिमोट वायरीसकट गुंडाळलेले असतात, सोबत एखादी गन आणि पिशवीभर कॅसेट असतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेली ही यंत्रे बहुतांशी निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला, आणि त्याच्या आराखड्यावर बेतलेली यंत्रे पुढे लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्या बाजारात विकली गेली. समुराई या नावाने विकला गेलेला एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचीच जपानबाहेरची आवृत्ती, आणि शॉ वॉलेस कंपनीमार्फत आलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह ही त्यामानाने कमी घरांत सापडणारी यंत्रे आहेत.

ही सगळी यंत्रे दुरुस्त होण्याजोगी आहेत, कारण त्यांतला बिघाड बहुधा मुख्य चिपमध्ये नसतो. तो अडॅप्टरमध्ये, कॅसेटच्या खाचेत, सैल झालेल्या सोल्डरमध्ये किंवा वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या, आता सुकलेल्या कपॅसिटरमध्ये असतो. म्हणून या छंदात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी वीज, मग संपर्क, मग सोल्डर, मग सुटे भाग, आणि यंत्र मूळ रूपात नीट चालू लागल्यावरच त्यात काही नवीन बसवावे. न चालणाऱ्या यंत्रात एव्हीची, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज थेट देणारी, जोडणी करायला घेतली, तर नंतर दिसणारा दोष जुना आहे की आपण नव्याने घातलेला आहे, हे ठरवता येत नाही.

लागणारे साहित्य

सुरुवातीला मोठा खर्च करण्याची गरज नाही. तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंग आयर्न, ६०/४० प्रमाणाची बारीक सोल्डर वायर, सोल्डर नीट पसरवणारे फ्लक्स, सोल्डर ओढून घेणारा पंप आणि तांब्याची विणलेली पट्टी, बीप देणारा मल्टिमीटर, ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ टूथब्रश आणि एक चांगले भिंग एवढ्यावर वर्षभर काम चालते. यांत कुठे पैसे वाचवायचेच असतील तर ते मल्टिमीटरवर वाचवावेत, आयर्नवर वाचवू नयेत. तापमान न आवरणाऱ्या स्वस्त आयर्नमुळे जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उचलले जातात आणि ते पुन्हा चिकटवणे हे नवशिक्याचे काम नाही. या बोर्डांसाठी ३२० ते ३५० अंश सेल्सिअस तापमान पुरते.

नकली यंत्रांचे आणि फॅमिकॉमचे कवच साध्या फुलीच्या पेचकसाने उघडते. निन्टेंडोच्या मूळ कॅसेटना मात्र ३.८ मिलिमीटरचा आणि काही यंत्रांना ४.५ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो, तो ऑनलाइन मागवावा. सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हेच आपल्या बाजूच्या लोकांचे ठिकाण आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका फेरीत नेहमी लागणारे कपॅसिटर, व्होल्टेज पाचवर स्थिर ठेवणारे ७८०५ रेग्युलेटर, अडॅप्टरचे डीसी जॅक आणि एव्हीच्या वायरींचे आरसीए सॉकेट थोडे जास्तच घेऊन ठेवावेत, म्हणजे दहा रुपयांच्या भागासाठी काम अडून राहत नाही.

विजेची तपासणी

जुने यंत्र हाती आले की ते चालते का हे पाहण्याची घाई होते आणि हाताला लागेल तो नऊ व्होल्टचा अडॅप्टर जोडला जातो. हे करू नये. अडॅप्टरच्या पिनेचा मधला भाग धन आहे की ऋण, आणि अडॅप्टर एसी देतो की डीसी, हे यंत्रागणिक बदलते. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलचाही मधला भाग ऋणच आहे, पण दुसऱ्या मॉडेलचा धन आहे आणि त्याची पिनही वेगळ्या आकाराची आहे. एनईएसचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर असल्यामुळे त्याला ते चालते, परंतु तोच अडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर यंत्र जळू शकते. जपानहून मागवलेल्या यंत्रासोबत आलेला अडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनवलेला असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो कधीही घालू नये.

नकली यंत्रांच्या कवचावर पुष्कळदा काहीच लिहिलेले नसते. अशा वेळी यंत्र उघडून ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर शोधावा. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेला असतो. अक्षरे आपल्याकडे ठेवून पाहिले तर डावीकडून पहिला पाय इनपुट, मधला ग्राउंड, म्हणजे ऋण, आणि तिसरा पाच व्होल्टचा आउटपुट असतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून, म्हणजे दोन टोकांमध्ये जोड असला की तो वाजेल असा, त्याचे एक टोक मधल्या पायाला लावावे आणि दुसऱ्याने अडॅप्टरच्या जॅकचे संपर्क तपासावेत. जॅकच्या मधल्या पिनेवर बीप आला तर मधला भाग ऋण आहे. बाहेरच्या संपर्कावर आला तर मधला भाग धन आहे असे समजावे. दोन्हीकडे बीप आला, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत वीज जोडू नये.

व्होल्टेजचाही विचार करावा. ७८०५ ला पाच व्होल्ट स्थिर ठेवण्यासाठी इनपुटला किमान सात व्होल्ट लागतात, आणि त्यावरचे सगळे जास्तीचे व्होल्टेज तो उष्णतेत घालवतो. यंत्र अर्धा अँपिअर घेत असेल तर ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर रेग्युलेटरमध्ये २ वॅट उष्णता तयार होते, तर १२ व्होल्टवर साडेतीन वॅट. आपल्या मे महिन्यातल्या उकाड्यात बंद कवचाच्या आत हा फरक पुष्कळ मोठा आहे. जुन्या, वजनदार, ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी भार नसताना मीटर बारा-तेरा व्होल्ट दाखवतो. तो दोष नसून त्या प्रकारच्या अडॅप्टरचा स्वभाव आहे. माझ्या मते त्याऐवजी चांगल्या प्रतीचा, स्थिर ९ व्होल्टचा नवा अडॅप्टर घेणे केव्हाही चांगले. पिनेची दिशा उलटी असेल तर वायर कापून उलट जोडावी, उष्णतेने आकसणाऱ्या नळीने जोड झाकावेत आणि अडॅप्टरवर ठळक चिठ्ठी चिकटवावी.

एवढे झाल्यावर कॅसेट न घालता यंत्र सुरू करून ७८०५ च्या तिसऱ्या पायावर व्होल्टेज मोजावे. ते ४.८ ते ५.२ यांच्या दरम्यान असेल तर पुढे जावे.

पहिल्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रांत वीजपुरवठ्याचा बोर्ड आतच असतो. २३० व्होल्टची वीज तिथे थेट येते आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात. पहिली काही यंत्रे हातून पूर्ण होईपर्यंत त्या बोर्डाला हात लावू नये. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मागचे झाकण तर कधीच उघडू नये.

कॅसेट आणि तिची खाच

दिवा लागतो पण पडदा करडा किंवा काळा राहतो, किंवा चित्राच्या जागी विस्कटलेले चौकोन दिसतात, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा संपर्कात असते. लहानपणी आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारत होतो. कॅसेट काढून पुन्हा बसवताना संपर्क थोडे घासले जात, त्यामुळे खेळ सुरू होई. फुंकरीतला ओलावा मात्र मागे राहून धातू गंजवत असे. खाडीकाठच्या ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, कोपरी या भागांत हवा आधीच दमट आणि खारट आहे. तिथल्या घरांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या कॅसेटच्या पट्ट्यांवर भिंगातून हिरवट ठिपके आणि राखाडी थर स्पष्ट दिसतात.

कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या वरून खाली, एकाच दिशेने पुसाव्यात. काडी काळी झाली की नवी घ्यावी, आणि काडी पांढरी राहीपर्यंत हे करत राहावे. थर निघत नसेल तरच पांढरे, मऊ खोडरबर हलक्या हाताने वापरावे आणि त्याचा चुरा ब्रशने पूर्ण झाडावा. पॉलिश पेपर वापरू नये. पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, तो एकदा गेला की खालचे तांबे प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा काळे पडते.

यंत्रातल्या खाचेसाठी जुनी व्हिजिटिंग कार्डे उत्तम. कार्डाभोवती पातळ सुती कापड ताणून गुंडाळावे, अल्कोहोलने ओलसर करावे आणि कॅसेटसारखे सरळ आत-बाहेर करावे. कापड निथळत असेल तर घाण खाली वाहून खाचेच्या तळाशी साचते, म्हणून ते फक्त ओलसर हवे. फॅमिकॉमच्या घराण्यात खाचेला ६० पिना असतात, एनईएसमध्ये ७२. सफाईनंतरही कॅसेट हलवल्यावर चित्र बिघडत असेल, तर उजेडात भिंग धरून पिनांची रांग पाहावी. एखादी पिन इतरांपेक्षा मागे दबलेली दिसेल, ती शिवणाच्या सुईने किंचित पुढे घ्यावी. सगळ्याच पिना पुढे ओढण्याचा मोह टाळावा, कारण खाच फार घट्ट झाली की प्रत्येक वेळी कॅसेटच्या पट्ट्या खरवडल्या जातात.

रिमोटचे बटण दाबूनही चालत नसेल तर तेच तंत्र. रिमोट उघडून रबराखालचा काळा कार्बनचा ठिपका आणि बोर्डावरचा काळा नक्षीदार भाग अल्कोहोलने अगदी हलकेच पुसावा. वायर आत शिरते तिथे ती आतून तुटलेली असण्याचा संभव मोठा असतो. प्रत्येक तार मीटरने तपासावी आणि तुटलेला भाग कापून उरलेली वायर पुन्हा जोडावी.

सोल्डर आणि कपॅसिटर

अडॅप्टरचा जॅक, चालू-बंद करण्याचे बटण, रिमोटची सॉकेट आणि कॅसेटची खाच या चार ठिकाणी वर्षानुवर्षे हाताचा जोर बसलेला असतो. बोर्ड उलटा करून तिथले सोल्डर भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहावे. चांगला जोड चकचकीत असतो आणि त्याचा उतार पिनेपासून बोर्डापर्यंत सलग असतो. तडकलेल्या जोडात पिनेभोवती केसाएवढी बारीक काळी कडा दिसते, आणि बोटाने जॅक किंचित हलवला तर त्या कड्याच्या आत पिन वेगळी हलताना दिसते. अशा जोडावर नुसती नवी सोल्डर थापू नये. आधी फ्लक्स लावावे, जुनी सोल्डर पंपाने ओढून घ्यावी आणि मग नवी भरावी. आयर्न एका ठिकाणी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये.

जुने यंत्र उघडले की सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलून टाकावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो सरसकट पटत नाही. सेगाच्या गेम गिअरसारख्या यंत्रात कपॅसिटर गळतात हे जगजाहीर आहे आणि तिथे ते सगळे बदलणेच योग्य आहे. फॅमिकॉम किंवा त्याच्या नकलांत मात्र कपॅसिटर मोजकेच असतात आणि त्यांतले पुष्कळ अजून ठणठणीत असतात. प्रत्येक अनावश्यक सोल्डरिंगमुळे जुन्या बोर्डाला ताप लागतो. म्हणून लक्षणे पाहावीत. चित्रावर जाड, फिकट आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील आणि आवाजात घुमणारा गुणगुणाट असेल, तर रेग्युलेटरआधीचा मोठा कपॅसिटर बदलावा. वरचा भाग फुगला असेल किंवा बुडाशी तपकिरी ओल असेल तर अर्थातच बदलावा आणि खालचा बोर्ड अल्कोहोलने धुवावा. नव्या कपॅसिटरची धारिता तेवढीच, व्होल्टेजची मर्यादा तेवढी किंवा जास्त, आणि तापमानाची मर्यादा १०५ अंशांची असावी. जुना काढण्यापूर्वी त्याच्या ऋण बाजूच्या पट्ट्याचा फोटो काढून ठेवावा.

हे सगळे करूनही पडदा कोराच राहिला आणि बोर्डावर चिपऐवजी काळ्या राळेचा गोळा असेल, तर मुख्य चिप गेली असे मानावे. त्या गोळ्याखालची चिप बदलता येत नाही. त्याच प्रकारचे दुसरे बिघडलेले यंत्र मिळवून दोहोंतून एक चालू करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि अशी यंत्रे जुन्या सामानाच्या बाजारात मिळत असतात.

ज्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवली जाते, त्यांत बहुधा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. तो बदलताना साठवलेले सारे पुसले जाते, हे कॅसेटच्या मालकाला आधीच सांगावे. नवा सेल पट्ट्या जोडलेलाच विकत घ्यावा, सुट्या सेलवर थेट आयर्न टेकवू नये.

पिवळे पडलेले कवच

प्लास्टिक पिवळे पडते याला प्रकाश, उष्णता आणि त्यात मिसळलेली आगरोधक रसायने कारणीभूत असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांच्या साहाय्याने पिवळेपणा पुष्कळ उतरतो. केस रंगवण्यासाठी मिळणारे १२ टक्क्यांचे क्रीम डेव्हलपर यासाठी चालते. कवचातून बोर्ड, स्क्रू आणि स्प्रिंग काढून ते साबणाने धुवावे, कागदी लेबल असलेला भाग बाजूला ठेवावा, क्रीम एकसारखे लावून वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळावे आणि उन्हात ठेवावे. दर अर्ध्या तासाने क्रीम पुन्हा पसरवावे, ते कुठे सुकले तर तिथे कायमचे पांढरे चट्टे पडतात. रबरी हातमोजे आणि चष्मा आवश्यकच आहेत, कारण हे रसायन त्वचा भाजते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले सकाळचे ऊन या कामाला सर्वांत चांगले. मे महिन्याच्या भर दुपारी गच्चीवर पातळ कवच वाकू शकते आणि पावसाळ्यात तर हे काम हातीच घेऊ नये. रंगीत प्लास्टिकवर हा प्रयोग करू नये. पिवळेपणा काही वर्षांनी परतण्याची शक्यता असते, त्यामुळे थोडी छटा उरली तरी मी ती तशीच राहू देतो.

एव्ही आउटपुट बसवणे

यंत्र आता मूळ रूपात चालत आहे असे धरू. पहिला बदल करावा तो एव्हीचा. अँटेनाच्या वायरीतून येणारे आरएफ चित्र अस्पष्ट असते आणि नव्या टीव्हीवर ते चॅनल सापडवणेही कठीण असते. जपानी फॅमिकॉमच्या बाबतीत तर हा बदल जवळजवळ अनिवार्यच आहे, कारण त्याचे आरएफ ९१ आणि ९७ मेगाहर्ट्झच्या आसपास येते आणि आपल्याकडे तो पट्टा एफएम रेडिओचा आहे.

बोर्डावरची धातूची लहान डबी म्हणजे चित्र आणि आवाज अँटेनाच्या सिग्नलवर चढवणारा आरएफ मॉड्युलेटर. तिच्यात बहुधा चार जोडण्या जातात : ग्राउंड, पाच व्होल्ट, आवाज आणि चित्र. ग्राउंड डबीच्या पत्र्याशी बीप देतो, पाच व्होल्ट मीटरवर दिसतात. उरलेल्या दोन ओळखण्यासाठी १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एकेक जोडणी एखाद्या साध्या स्पीकर ॲम्प्लिफायरला द्यावी. जिच्यावर खेळाचे संगीत ऐकू येते ती आवाजाची, आणि जिच्यावर सलग खरखरीत गुणगुण ऐकू येते ती चित्राची. मूळ फॅमिकॉममध्ये चित्र ते तयार करणाऱ्या पीपीयू चिपच्या २१ क्रमांकाच्या पिनेवर मिळते.

हा सिग्नल टीव्हीला थेट देण्याइतका सशक्त नसतो, म्हणून मधे एक पीएनपी ट्रान्झिस्टर घालावा. आपल्याकडे सहज मिळणारा बीसी५५७ चालतो. त्याच्या बेसला चित्राची वायर द्यावी, कलेक्टर ग्राउंडला जोडावा, आणि एमिटर सुमारे ३०० ओहमच्या रेझिस्टरमधून पाच व्होल्टला जोडावा. त्याच एमिटरवरून ७५ ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी साखळी करून ती पिवळ्या आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनेला न्यावी. कपॅसिटरची धन बाजू ट्रान्झिस्टरकडे हवी. सपाट बाजू आपल्याकडे धरल्यावर बीसी५५७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. काही आकृत्यांत दाखवलेल्या २एसए१०१५ चा क्रम मात्र एमिटर, कलेक्टर, बेस असा आहे. एकाची आकृती पाहून दुसरा बसवला तर चित्र येणार नाही. चित्राची वायर आखूड ठेवावी आणि मॉड्युलेटरकडे जाणारी मूळ वायर त्या जागी सोडवून ठेवावी, नाहीतर चित्रावर उभ्या रेषा जास्त दिसतात. चित्र आले पण रंग नसतील, तर टीव्हीच्या मेनूत जाऊन पाल आणि एनटीएससी या दोन रंगपद्धती आलटून पालटून पाहाव्यात.

सॉकेटसाठी कवचाला भोक पाडण्याआधी मात्र थांबावे. आरएफची किंवा चॅनल बदलण्याच्या बटणाची जागा वापरता आली तर भोक लागत नाही. नाहीतर आखूड वायर जुन्याच फटीतून बाहेर काढून तिच्या टोकाला सॉकेट लावावी. समुराईसारख्या दुर्मीळ यंत्राला ड्रिल लावणे मला मुळीच मान्य नाही.

एक गोष्ट या बदलाने साधत नाही. गन फक्त पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चालते, कारण ती पडद्यावरचा उजेड त्या त्या क्षणी पकडते आणि एलसीडीवर चित्र उशिरा येते. गन वापरायची असेल तर जुना टीव्ही जपून ठेवावा.

आणखी काही बदल

एनईएसमध्ये दुसऱ्या देशांतील कॅसेट अडवणारी एक चिप असते. तिची चौथी पिन बोर्डावरून उचलून ग्राउंडला जोडली की अडवणूक थांबते आणि दिवा सतत लुकलुकण्याचा त्रासही जातो. पिन कापण्याऐवजी सोल्डर काढून हळूच उचलावी, म्हणजे ती केव्हाही परत बसवता येते. मेगा ड्राइव्हमध्ये बोर्डावरच्या जोडण्या बदलून ५० आणि ६० हर्ट्झ यांत निवड करणारे बटण बसवता येते, आणि ६० हर्ट्झवर बरेच खेळ त्यांच्या मूळ वेगाने चालतात.

नव्या चार्जरवर यंत्र चालवण्यासाठी यूएसबी-सी सॉकेट बसवायचे असेल, तर त्या छोट्या बोर्डावर चार्जरकडे वीज मागणाऱ्या दोन्ही सीसी पिनांना ५.१ किलोओहमचे रेझिस्टर असल्याची खात्री करावी. ७८०५ चा आउटपुटचा पाय आधी मोकळा करावा आणि पाच व्होल्ट त्या जागी द्यावेत. पण यंत्रातला कुठलाही भाग थेट नऊ व्होल्टवर चालत असेल तर हा बदल करू नये, म्हणून जॅकपासूनचे पट्टे आधी मीटरने शोधून घ्यावेत.

पावसाळ्याआधी यंत्र हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि गेम बॉयसारख्या यंत्रांतले सेल न चुकता काढावेत. सेल आधीच गळला असेल तर संपर्कावरचा पांढरा थर व्हिनेगर लावलेल्या कानकाडीने काढावा, मग ती जागा अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. काढलेले मूळ भाग एका पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवावेत आणि सोबत एक कागद ठेवावा, ज्यावर अडॅप्टरचे व्होल्टेज, पिनेची दिशा, बदललेले कपॅसिटर आणि उचललेल्या पिना तारखेसह लिहिलेल्या असतील.